मत मागायला आलेला माणूस

“तीन वाक्यं बोलायची. चौथं बोलायचं नाही,” साहेब म्हणाले.

म्हणाले म्हणजे कुजबुजले. त्या दिवसांत त्यांच्या घशातून नुसता वारा यायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण दीड महिना मोठ्याने बोलायचं नाही, अशी तंबी मिळाली होती. आमदाराला बोलू नका म्हणणं म्हणजे सुताराला रंध्याला हात लावू नको म्हणण्यासारखंच. साहेब म्हणजे माझे यजमान, आमदार जयसिंगराव थोरवे. सगळा तालुका त्यांना साहेब म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची.

जीप चिंचडोहच्या रस्त्याला लागली होती. साहेबांनी एकेक बोट उघडून मला पाठ दिला. “पहिलं, गेणुभाऊ मनमिळाऊ होते. दुसरं, त्यांच्या जाण्याने तालुक्याचं कधी न भरून येणारं नुकसान झालं. तिसरं, थोरवे परिवाराच्या वतीने भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोड आणि खाली बस.”

“पण गेणुभाऊ मनमिळाऊ कुठे होते?”

“मेल्यावर सगळेच होतात.”

पुढे बसलेला आमचा ड्रायव्हर मुनीर आरशात बघून हसला आणि लगेच गंभीर झाला.

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंडदान होतं, आणि त्याच मांडवात माईकवरून पुढाऱ्यांची भाषणं होतात. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आम्हाला भाषणाशिवाय दहावा चमत्कारिक वाटतो. सोसायटीचे चेअरमन, सरपंच, कारखान्याचे संचालक, सभापती आणि शेवटी आमदार, असा मान ठरलेला. आमदार मुंबईला विधानसभेत काय बोलला, हे गावात कोणी विचारत नाही. दहाव्याला आला नाही, तर ते मात्र नातवंडांपर्यंत लक्षात राहतं. साहेबांची दोन वेळची आमदारकी अशी घाटाघाटांवर उभी राहिली होती. सकाळी दहावे, दुपारी लग्नं, आणि मधे कुठेतरी सरकार.

या वेळच्या तिकिटाचं मात्र घोडं अडलं होतं. तालुक्यात आवई उठली होती, थोरव्यांना कॅन्सर झाला, आवाज कायमचा गेला. पक्षाचे जिल्हाध्यक्ष बापूसाहेब वाबळे हे गेणुभाऊंच्या औटी घराण्याचे व्याही. ते या दहाव्याला येणार होते, आणि साहेबांना डोळ्यांनी बघून मगच मुंबईला तिकिटाचं कळवणार होते. साहेब गेले नसते तर आवई खरी ठरली असती. जाऊन मुके बसले असते तरी खरीच ठरली असती. म्हणून असं ठरलं, की साहेबांनी पुढे ताठ बसायचं, सगळ्यांकडे बघून हसायचं, आणि घशाला थंडी बाधली आहे असं सांगून कोणीतरी दुसऱ्याने बोलायचं.

“मीच का? सभापती बोलतील की,” मी आदल्या दिवशी म्हटलं होतं.

“कार्यकर्त्याला बोलायला लावलं तर तो उद्या तिकीट मागेल,” साहेब म्हणाले होते. “बायको मागत नाही.”

आता ज्यांचा दहावा होता त्या गेणुभाऊ औटींबद्दल. चिंचडोहचे शेतकरी, आमचे विरोधक शिंगोटे वकील यांचे कट्टर माणूस. साहेब तीन वेळा उभे राहिले, तिन्ही वेळा गेणुभाऊंनी वकिलांचा प्रचार केला. पहिल्या वेळी तर साहेब पडलेच, आणि पडले तेही इतक्या थोडक्या मतांनी, की ती माणसं लग्नाच्या दोन पंगतींत उठली असती. त्यानंतर चिंचडोहचं नाव निघालं की साहेब पाणी मागायचे.

घाटावर पोचलो तेव्हा विधी आटोपत आले होते. पुरुष मांडवात, बायका बाजूला पत्र्याच्या शेडखाली. मी बायकांत जाऊन बसले. गेणुभाऊंची बायको ठकूबाई मधोमध भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. ज्या बायका गळ्यात पडायला येत होत्या, त्यांना तीच थोपटत होती.

शाळेतल्या डुंबरे गुरुजींनी माईक हातात घेतला आणि भाषणं सुरू झाली. चेअरमन म्हणाले, गेणुभाऊ मनमिळाऊ होते. याच चेअरमनविरुद्ध गेणुभाऊंनी दोनदा जिल्हा बँकेत तक्रार केली होती. सरपंच म्हणाले, मनमिळाऊ आणि वडिलांसारखे. सरपंचांना त्यांनी पाण्याच्या पाळीवरून बैलांची पराणी घेऊन बांधापर्यंत पिटाळलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. संचालक आणि सभापतीही मनमिळाऊच म्हणाले. बापूसाहेब पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते आणि भाषणांकडे नाही, साहेबांच्या गळ्याकडे बघत होते. साहेब ठरल्याप्रमाणे हसत होते. दहाव्याला इतकं हसू नये, हे आम्ही दोघंही ठरवताना विसरलो होतो.

“आमदार साहेबांच्या घशाला किंचित थंडी बाधली असल्याकारणाने,” गुरुजींनी पुकारलं, “त्यांच्या सौभाग्यवती इंदुताई श्रद्धांजली अर्पण करतील.”

घाटावर बाईने माईक धरायची ही पहिलीच वेळ. दोन-चार म्हाताऱ्यांनी उगाच टोप्या सारख्या केल्या. हळदीकुंकवाला चार शब्द बोललेली बाई मी, समोर एवढी माणसं कधी बघितली होती? माईक धरला आणि पहिलं वाक्य म्हटलं.

“गेणुभाऊ औटी हे अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे होते.”

“आता गं बया!” शेडखालून आवाज आला. “तू बी त्येच म्हणती?”

ठकूबाई होती. सगळे माना वळवून बघायला लागले.

“सकाळधरनं ऐकतीय. मनमिळाऊ, मनमिळाऊ. ह्यो माह्या नवऱ्याचा दहावा हाय का दुसऱ्या कुणाचा? ह्या घाटावर आसा एक माणूस दावा, ज्याच्याशी त्यो भांडला नाय!”

“आये, गप,” तिचा मुलगा बबन उठला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, खांद्यावर पंचा. “लोकं काय म्हणत्याल?”

“लोकं दहा दिस म्हणत्यातच हायेत. तू खाली बस.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बोल गं ताई. खरं काय आसंल त्ये बोल.”

मी साहेबांकडे बघितलं. ते मांडीवर हात ठेवून दोन बोटं दाखवत होते. दुसरं वाक्य. पण दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून धुऊन निघालं होतं. काहीतरी भरून यायचं होतं की यायचं नव्हतं, एवढंच आठवत होतं. माणसं वाट बघत होती. बापूसाहेब वाट बघत होते. गप्प राहिले असते तर नवऱ्याचा आवाज गेला आणि बायकोचीही वाचा बसली, असंच तालुकाभर झालं असतं. मला गेणुभाऊंबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती मी बोलायला लागले.

“साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हाची गोष्ट,” मी म्हटलं. “सगळे प्रचाराला गेलेले. घरात मी एकटी. दारात एक माणूस उभा, हातात वकिलांची पत्रकं. म्हणाले, ‘ताई, शिंगोटे वकिलास्नी मत द्या.’ मी म्हटलं, ‘तुम्ही घर चुकलात. हे थोरव्यांचं घर आहे.’ तर म्हणाले, ‘म्हाईत हाय. घर चुकाया मी काय नवा पोष्टमन हाय?’ मी म्हटलं, ‘अहो, मी उमेदवाराची बायको!’ म्हणाले, ‘आसाल की. पण मत तर तुमचंच हाय ना?’”

पुरुषांत हशा पिकला आणि लगेच दबला. बायकांत कोणी हसलं नाही. त्या नीट ऐकायला लागल्या होत्या.

“मी दार लावून घेतलं. ते ओट्यावरच बसले. म्हणाले, ‘मत नंतर द्या, आधी पाणी द्या.’ पाणी मागितल्यावर काय करणार? दार उघडावंच लागलं. मग तांब्या रिकामा होईपर्यंत मला समजावून सांगितलं, की माझे यजमान कसे बरे नाहीत. काय काय सांगितलं ते आज सांगत नाही. साहेब समोर बसलेत.”

आता मात्र हसू आवरलं नाही कोणाला. बापूसाहेबांची हाताची घडी सुटली. साहेबांनी बोटं मिटून घेतली होती.

“मीही भांडले. तुमच्या वकिलांनी तरी काय दिवे लावले, म्हटलं. तर तेच माझ्यावर चिडले. जाताना म्हणाले, ‘ताई, कुणाला बी द्या. पण मत डोक्यानं द्या. कुकवानं देऊ नका.’”

“आसंच बोलायचा त्यो,” ठकूबाई म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

“पुढच्या निवडणुकीला परत आले. त्याच्या पुढच्यालाही आले, हातात काठी घेऊन, पायऱ्या चढताना दम लागत होता. मी म्हटलं, ‘भाऊ, कशाला हेलपाटे घालता? माझं मत तुम्हाला मिळणार आहे का?’ म्हणाले, ‘नाय मिळंना. पण मागाया नको का?’”

इथे थांबले असते तर सगळं गोडीत झालं असतं. लोक हसले होते, बापूसाहेब खूश दिसत होते. पण बोलता बोलता मला अशी काही गोष्ट दिसली, जी मला स्वतःलाच तोवर दिसली नव्हती. आणि ती दिसल्यावर गिळता येईना.

“पहिल्या निवडणुकीला माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती,” मी म्हटलं. “घरात दिवसभर चुलीवर चहाचं पातेलं. साहेब तालुक्यातल्या एकेका दारात हात जोडून फिरत होते. सासरे फिरत होते, दीर फिरत होते. पण माझं मत माझ्याकडे घरातल्या कोणी मागितलं नाही. ते आपलंच आहे असं धरून ठेवलं होतं, रांजणातल्या पाण्यासारखं. मागायला आला तो विरोधकाचा एकटा माणूस. गेणुभाऊ मनमिळाऊ नव्हते. पण माझं मत माझं आहे, हे मला त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलं नाही.”

पुढे श्रद्धांजली वगैरे म्हणायचं राहूनच गेलं. मी माईक गुरुजींच्या हातात दिला, गेणुभाऊंच्या फोटोला हात जोडले आणि बायकांत येऊन बसले. शेडच्या कोपऱ्यातून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, “आमचं बी कुणी इचारलं नाय कधी.” दोघीतिघींनी माना हलवल्या.

ठकूबाईने माझा हात धरला. “हां,” ती म्हणाली. “ह्यो माहा नवरा.” आणि दहा दिवस स्वतःला थोपवून धरलेली ती बाई तिथे पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं. त्या भांडकुदळ माणसासाठी मी रडेन, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

चहाच्या वेळी बापूसाहेब साहेबांजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “थोरवे, घशाची घाई करू नका. सावकाश बरा होऊ द्या.”

आजूबाजूचे हसले. साहेबही हसले. मला बापूसाहेबांचं फार बरं वाटलं, किती काळजी करतात माणसाची! साहेब मात्र पंधरा वर्षं राजकारणात होते. हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

जीपमध्ये बसल्यावर साहेब मुनीरला म्हणाले, “गुरुजींना विचारून ये, पुढच्या दहाव्याला कुठून जायचं ते.” मुनीरला तालुक्यातल्या पाणंदीसुद्धा पाठ होत्या. तो उतरला आणि लांब जाऊन विडी ओढत उभा राहिला.

मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. चार माणसांत घरातलं काढलं, बापूसाहेबांसमोर काढलं. काही बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण साहेब समोरच्या काचेकडे बघत होते.

“पहिल्या वेळी,” ते म्हणाले, “दिलं होतंस?”

“काय?”

“मत. वकिलाला.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला कशाकशाबद्दल विचारलं होतं. भाजीत मीठ का कमी, पाहुणे किती, आईचं औषध दिलं का. या आवाजात काही विचारलं नव्हतं. घशामुळे सगळंच कुजबुजत विचारत होते ते त्या दिवसांत, पण ही कुजबुज वेगळी होती. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याची त्यांना भीती वाटत होती. मला एकदम त्यांची दया आली. आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

‘नाही’ म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ‘हो’ म्हटलं असतं तर भांडण झालं असतं आणि आठवड्याने तेही मिटलं असतं. खरं उत्तर काय होतं, ते आज तुम्हालाही सांगत नाही.

“मतदान गुप्त असतं,” मी म्हटलं.

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते, पण घशातून आवाज निघत नव्हता. हसता हसता ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला.

“शिकलीस,” ते म्हणाले.

पुढच्या दहाव्यापर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. डॉक्टरांना आवडलं असतं.

तिकीट माझ्या नावाने आलं. बापूसाहेबांनी मुंबईला काय कळवलं ते मला माहीत नाही. आमच्याकडे फोन आला तेव्हा मी पापड लाटत होते. मला आनंद झाला. पण साहेबांचं तोंड बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं. त्यांनी फोन ठेवला, घटकाभर अंगणात जाऊन उभे राहिले आणि परत येऊन कार्यकर्त्यांना निरोप धाडायला बसले. “उमेदवार आपणच. फक्त नाव बदललंय,” असं प्रत्येकाला सांगत होते. आवाज आता फुटला होता, जरा घोगरा. माझा सगळा प्रचार त्यांनीच आखला. कोणत्या गावात आधी जायचं, कोणाच्या घरी चहा घ्यायचा आणि कोणाच्या घरी नुसतं पाणी, कोणत्या दोन भावांना एका गाडीत बसवायचं नाही, सगळं त्यांचंच डोकं.

मी दारोदार फिरले. पुरुष ओट्यावर बसून हात जोडायचे, मी सरळ आत चुलीपाशी जायची आणि बाईला म्हणायची, “मालकांचं मला ठाऊक नाही. तुमचं मत मागायला आले आहे.” चिंचडोहला ठकूबाई माझ्याबरोबर घरोघर हिंडली. एक दिवस तर मी शिंगोटे वकिलांच्या घरी गेले. वकील घरी नव्हते. त्यांच्या पत्नी दारात आल्या आणि मला बघून थिजल्याच. मी म्हटलं, “घर चुकले नाही, वहिनी. तुमचं मत मागायला आले आहे. आधी पाणी द्या.” त्या इतक्या हसल्या, की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. ही गोष्ट तालुकाभर झाली. त्या एका गोष्टीवर मी निवडून आले असं लोक अजून म्हणतात, आणि मीही त्यांना खोडून काढत नाही. पुढे दोनदा आणखी निवडून आले.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच शाळेत गेलो. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. माझं लवकर झालं. मी फाटकाबाहेर चिंचेखाली उभी राहिले. थोड्या वेळाने साहेब आले, डाव्या हाताचं बोट जरा लांब धरून, शाई धोतराला लागू नये म्हणून.

“वकिलाच्या बायकोकडे जाऊन आलीस म्हणे,” ते म्हणाले.

“केव्हाच. तुम्हाला आज कळलं?”

“कळलं होतं. विचारत नव्हतो.” ते बोटावर फुंकर घालत राहिले. “सगळा तालुका पालथा घातलास. एक दार सोडलं नाहीस.”

“तुम्हीच आखून दिलं होतं ना सगळं.”

“हो. एक तेवढं राहिलं.”

“कोणतं?”

त्यांनी बोटावरून नजर उचलली. मला वाटलं चेष्टा करताहेत, म्हणून मी हसले. ते हसत नव्हते.

“माझ्याकडे नाही आलीस मागायला,” ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून कार्यकर्त्यांच्या टेबलाकडे चालू लागले.

मी त्यांच्या मागे जायला वळले. तेवढ्यात नव्याने आलेल्या बायकांतून कोणीतरी “इंदुताई!” अशी हाक मारली, आणि मी तिकडे वळून हात जोडले.